रिगिंगमध्ये करिअर करावे का?

कळसूत्री (मूळ लेख):
बारावीनंतर ॲनिमेशनकडे वळणाऱ्या मुलांनी रिगिंगच्या, म्हणजे पात्राच्या आत हलवता येणारा सांगाडा बसवण्याच्या कामाच्या, वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मिक्सामो या संकेतस्थळावर पात्र चढवून हनुवटी, मनगटे, कोपरे, गुडघे आणि जांघ एवढ्या खुणा केल्या की काही मिनिटांत रिग तयार होते, आणि ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरसोबत रिगिफाय हे रिग बनवणारे साधन तर फुकटच मिळते. जे काम यंत्र करून देते, ते शिकण्यासाठी पालकांनी लाखांच्या घरातली फी कशासाठी भरायची?

गोरेगावकर:
एरवी मी अशा लेखांना उत्तर देत नाही, पण हे वाचून राहवले नाही. आपल्या पाच खुणांवरची रिग चालते, धावते, नाचतेसुद्धा. आता त्याच पात्राला पाटावर मांडी घालून जेवायला बसवून दाखवा. मांडीचे हाड नुसते वर उचलले जात नाही, ते त्याच वेळी बाहेरही फिरते. त्वचा हाडांबरोबर हलवण्याची साधी पद्धत, म्हणजे लिनिअर स्किनिंग, असेल तर जांघेतला भाग पिळवटून आकसतो, आणि ड्युअल क्वाटर्नियन ही दुसरी पद्धत लावावी तर पीळ सुटतो, पण वाकलेल्या जागी फुगवटा येतो. मग वेट्स, म्हणजे त्वचेचा कोणता भाग कोणत्या हाडाबरोबर किती हलावा याचे प्रमाण, हाताने रंगवा, बिघडलेली जागा सुधारणारा करेक्टिव्ह शेप घडवा आणि तो सांध्याच्या कोनाशी जोडा. एका बालमालिकेतल्या नऊवारीतल्या आजीसाठी मी हे केले आहे. मागे खोचलेला काष्टा कमरेच्या जॉइंटबरोबर जावा की मांडीच्या, आणि आजी उठताना निऱ्या पोटात शिरू नयेत म्हणून काय करावे, हे ठरवणारे बटण अजून माझ्या पाहण्यात नाही.

शेवटची_लोकल:
आजींना नमस्कार, परंतु त्यांच्यावर किती जणांचा पगार निघतो, तेही सांगावे. मुख्य रिग एकदा बांधली की उरलेली पात्रे स्टुडिओच्या पायथन या संगणकभाषेतल्या स्क्रिप्टवर निघतात, आणि फ्रेशरच्या वाट्याला वेट्स साफ करण्याचे काम येते. यंत्र आधी गिळणार आहे ते नेमके हेच, म्हणजे वरची खुर्ची शाबूत राहील, पण तिच्यापर्यंत जाणारा जिना उरणार नाही. त्यात २०२३ मध्ये हॉलिवूडचे लेखक मे ते सप्टेंबर आणि अभिनेते जुलै ते नोव्हेंबर संपावर होते, त्याची झळ अंधेरी-गोरेगावपर्यंत पोहोचली. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर हा व्हिज्युअल इफेक्ट्सचा समूह कोसळला, तेव्हा भारतातले कलाकारही घरी बसले. ॲनिमेटरला निदान जाहिरातींची कामे मिळतात. रिगरच्या जागाच मोजक्या, आणि एवढे करून पडद्यावर नाव नाही ते नाहीच.

वेट_पेंटर:
नावाचा विषय निघालाच आहे, तर बोलतो. परदेशी चित्रपटाच्या नामावलीत स्टुडिओच्या वाट्याला बहुधा ठरावीक जागा येतात, आणि त्या कोणाला द्यायच्या हे वरचे लोक ठरवतात. आई-बाबांना हौसेने चित्रपटाला नेले होते. दिवे लागले, झाडूवाले आत आले, तरी आम्ही बसून होतो. मनुष्यबळ विभागातल्या बाईंचे नाव झळकले, आमच्या रिगिंगच्या टीममधले एकही नाही. बाबा एवढेच म्हणाले, “तू तिथे नक्की काय करतोस?”

गोरेगावकर:
वाईट वाटले, पण विषय करिअरचा चालला आहे. नामावली वाचून कोणी नोकरीवर घेत नाही. शोरील, म्हणजे आपल्या निवडक कामाचा व्हिडिओ, बघतात.

वेट_पेंटर:
शोरील कशाची दाखवायची, हेही सांगा ना! ॲनिमेटरचे काम म्हणजे शॉट, तो प्रदर्शित झाला की आज ना उद्या रीलमध्ये घालता येतो. आमचे काम माया या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या फाइलमध्ये, आणि गोपनीयतेच्या करारामुळे ती फाइल चित्रपट उतरल्यावरही कोणाला दाखवता येत नाही. नाव हा आमच्याकडचा एकमेव पुरावा आहे, आणि तोच आपण किरकोळ ठरवता. आपल्या आजी देशी मालिकेतल्या होत्या, म्हणून आपल्याला हे सुचते.

गोरेगावकर:
देशी मालिका म्हणजे हलके काम, असे म्हणायचे असेल तर तसे सरळ म्हणावे. पुराव्याचा मुद्दा मात्र बिनतोड आहे, तो नाइलाजाने मान्य करतो.

डोंबिवलीची_आई:
माझी मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिला रिगिंगच आवडते. आपली भांडणे वाचून मी फी भरू की थांबू, तेवढे कोणी सांगेल का?

गोरेगावकर:
ताई, फी भरण्याआधी संस्थेत जाऊन दोन प्रश्न विचारा: पायथन शिकवता का, आणि मुले स्वतःची पात्रे रिग करतात की सगळ्या वर्गाला एकच तयार मॉडेल देता. एकाच मॉडेलवरच्या शोरील्स पाहणाऱ्याला लगेच ओळखू येतात. तिने चारपायी प्राणी, चेहरा आणि कपडे असे तीन प्रकार स्वतः करून ठेवावेत, म्हणजे गोपनीयतेचा प्रश्नच येत नाही. अनरियल या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरमधले कंट्रोल रिग हे रिगिंगचे साधन आले तर गेमच्या स्टुडिओंचे दारही उघडते.

कळसूत्री:
आपल्या आग्रहाखातर पात्राला मांडी घालून पाहिली आणि गुडघे पोटातून आरपार गेले. अभिनंदन, आपण जिंकलात. तरीही मी ताईंना फी भरू नका असेच सांगेन, कारण गोरेगावकरांनी सांगितलेले निम्मे शिक्षण घरी बसून होते.

शेवटची_लोकल:
आणि उरलेले निम्मे ज्या नोकरीत होते, ती फ्रेशरला कोण देणार, याला कोणीच उत्तर दिलेले नाही.

वेट_पेंटर:
ताई, नोकरी मिळालीच तर सही करण्यापूर्वी नामावलीचे कलम तिला वाचायला सांगा. आमच्या करारात ते नव्हतेच.