स्मृतीच्या पुनर्दृढीकरणावर सेमिनार: किती शोधनिबंध घ्यावेत आणि किल्लारीचा संदर्भ जोडावा का?

विद्यार्थिनी, लातूर

नमस्कार. मी एम.ए. मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मानसशास्त्र आणि मेंदूविज्ञान यांतील चालू संशोधनावर आम्हाला प्रत्येकी चाळीस मिनिटांचा सेमिनार द्यायचा आहे आणि मी स्मृतीचे पुनर्दृढीकरण हा विषय निवडला आहे. पक्की झालेली आठवण पुन्हा जागवली की ती काही तास बदलण्याजोगी राहते आणि त्यानंतर नव्याने पक्की होते, हे मूळ प्रतिपादन मला समजले आहे. मात्र वाचन वाढत चालले तसे काय ठेवावे आणि काय सोडावे, हे ठरेनासे झाले आहे.

दुसरी शंका अशी की माझे आजोळ औसा तालुक्यात आहे आणि ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप आमच्या घरातील वडीलधारी माणसे आजही बारकाव्यांसह सांगतात. त्यांच्यापैकी काहींच्या मुलाखती घेऊन त्या या विषयाला जोडल्या, तर ते शास्त्रीयदृष्ट्या योग्य ठरेल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त प्राध्यापक, छत्रपती संभाजीनगर

विषय उत्तम आहे, परंतु संपूर्ण इतिहास सांगण्याचा मोह टाळा. पदव्युत्तर सेमिनारमध्ये विषयाची ओळख करून देणे पुरेसे नसते. एखादा दावा कोणत्या पुराव्यावर उभा आहे आणि तो पुरावा कुठे डळमळतो, हे श्रोत्यांसमोर उलगडून दाखवावे लागते. माझ्या मते तीनच निबंध घ्या, पण त्यांतील प्रत्येक आलेख तुम्हाला समजावून सांगता आला पाहिजे.

पहिला निबंध नेडर, शेफ आणि लदू यांचा, २००० सालचा. उंदरांना एक ध्वनी आणि विजेचा सौम्य धक्का यांचा संबंध शिकवण्यात आला. पुढे तो ध्वनी पुन्हा ऐकवून लगेच अमिग्डालामध्ये (भीतीशी निगडित मेंदूच्या भागात) अॅनिसोमायसिन हे प्रथिननिर्मिती रोखणारे औषध सोडले, तेव्हा नंतरच्या चाचणीत भीतीचा प्रतिसाद बराच घटला. या प्रयोगाचा खरा कस त्याच्या नियंत्रण गटांत आहे. ध्वनी न ऐकवता औषध दिले किंवा ध्वनीनंतर सहा तासांनी दिले, तर भीती टिकून राहिली. आठवण जागी होणे आणि त्यानंतरचा मर्यादित कालावधी, या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत, हे त्यातून पुढे आले. फळ्यावर हे गट काढून दाखवा आणि प्रत्येक गट नसता तर कोणता पर्यायी खुलासा शिल्लक राहिला असता, असे वर्गाला विचारा. सेमिनारमधील चर्चा अशा प्रश्नांतूनच उभी राहते.

दुसरा निबंध शिलर आणि सहकाऱ्यांचा, २०१० सालचा. माणसांवरील या प्रयोगात औषध नव्हते. भीतीची आठवण जागवून दहा मिनिटांनी विलोपनाचे प्रशिक्षण दिले, म्हणजे धक्का न देता तीच खूण पुन्हा पुन्हा दाखवली, तर ती भीती परतत नाही, असे त्यांनी मांडले. भीतीचे मापन घामामुळे वाढणाऱ्या त्वचेच्या विद्युत्‌वाहकतेवरून केले होते. तिसरा निबंध चाल्किया आणि सहकाऱ्यांचा, २०२० सालचा. त्यांनी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा तो परिणाम आढळला नाही, आणि मूळ विश्लेषणातून सहभागींना कसे वगळले गेले, याविषयीही त्यांनी गंभीर प्रश्न उपस्थित केले. तुमच्या सेमिनारचा बहुतेक वेळ दुसऱ्या आणि तिसऱ्या निबंधामधील या अंतरावर खर्च व्हावा.

संशोधक विद्यार्थी, नांदेड

सरांच्या मांडणीला एक जोड सुचवतो. २००९ मध्ये किंट आणि सहकाऱ्यांनी आठवण जागवण्याआधी सहभागींना प्रोप्रानोलॉल हे अॅड्रेनालिनचा परिणाम रोखणारे औषध दिले. पुढे दचकण्याची प्रतिक्षिप्त क्रिया कमी झाली, मात्र या चित्रानंतर धक्का बसणार आहे, ही सहभागींची अपेक्षा तशीच राहिली. म्हणजे काय घडले होते, याचे ज्ञान शाबूत होते आणि शारीरिक प्रतिसाद तेवढा बदलला होता. वृत्तपत्रांत ‘आठवणी पुसणारी गोळी’ अशा मथळ्यांखाली जे छापून येते, त्याचा फोलपणा दाखवण्यास हा एकच निष्कर्ष पुरेसा आहे. त्यामुळे कोणत्याही निबंधात ‘स्मृती बदलली’ असे विधान आले की नेमके काय मोजले होते, हे आधी पाहावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

वाचनसाहित्याबाबत सांगायचे तर बरेच निबंध पबमेड सेंट्रल या ऑनलाइन संग्रहावर विनामूल्य मिळतात. तुमचे महाविद्यालय शासकीय असेल तर २०२५ पासून सुरू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या संशोधन नियतकालिके उपलब्ध करून देणाऱ्या केंद्र सरकारच्या योजनेविषयी ग्रंथपालांकडे अवश्य चौकशी करा.

समुपदेशक, धाराशिव

मी केवळ किल्लारीच्या प्रश्नाविषयी लिहिते. प्रयोगशाळेत रंगीत चौकोन दाखवून मनगटाला दिलेला सौम्य धक्का आणि झोपेत घर अंगावर कोसळून घरातली माणसे गमावणे, या दोन अनुभवांना एकाच सिद्धान्ताने जोडण्याइतका पुरावा आज आपल्याजवळ नाही. शिवाय ती आठवण तीस वर्षांहून जुनी आहे. दर वर्षी ती सांगितली जाते, त्यामुळे ती प्रत्येक वेळी बदलत असेल, असा तर्क करता येतो. परंतु त्या पहाटेनंतर लगेच नोंदवलेले कथन हाती नसेल तर तुलना कशाशी करणार? टॅलारिको आणि रुबिन यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये झालेल्या हल्ल्यानंतर दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांची कथने घेतलेली होती, म्हणूनच त्यांना तुलना करता आली. त्या आठवणींतील सुसंगती सामान्य आठवणींप्रमाणेच घटत गेली, मात्र त्या स्पष्ट आणि खऱ्या असल्याचा विश्वास टिकून राहिला.

मुलाखतींबाबत माझे मत ठाम आहे. सेमिनारसाठी त्या घेऊ नयेत. घरातली माणसे नातीला नाही म्हणत नाहीत आणि रात्री त्यांना झोप लागली नाही, तरी ते तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही. नैतिकता समितीची मान्यता आणि गरज पडल्यास मदतीची सोय असल्याशिवाय अशा आठवणी संशोधनासाठी जागवणे योग्य नाही.

विद्यार्थिनी, लातूर

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. मुलाखतींचा विचार मी सोडून दिला आहे. सरांना एक विचारायचे होते. पुनरावृत्ती फसली, याचा अर्थ मूळ परिणाम खोटा होता, की त्या सहभागींची आठवण मुळात अस्थिरच (बदलण्याजोगी) झाली नव्हती? वर्गात हा प्रश्न नक्की येईल.

निवृत्त प्राध्यापक, छत्रपती संभाजीनगर

या विषयातील सर्वांत अवघड प्रश्न तुम्ही विचारला आहे. नुसते स्मरण करून दिल्याने आठवण अस्थिर होतेच असे नाही. सेव्हन्स्टर, बेकर्स आणि किंट यांच्या २०१३च्या प्रयोगात, अपेक्षेपेक्षा काही वेगळे घडले तेव्हाच प्रोप्रानोलॉलचा परिणाम दिसला. सुझुकी आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले की उंदरांमधील जुन्या किंवा तीव्र आठवणी सहज अस्थिर होत नाहीत. त्यामुळे तुम्ही म्हणता तो दुसरा खुलासा शक्य आहे आणि तो प्रामाणिकपणे मांडलाही पाहिजे.

अडचण अशी की आठवण अस्थिर झाली की नाही, हे माणसात स्वतंत्रपणे ओळखण्याची सर्वमान्य खूण अद्याप नाही. परिणाम दिसला तर आठवण अस्थिर झाली होती आणि दिसला नाही तर झाली नव्हती, अशी मांडणी केली, तर कोणताही प्रयोग सिद्धान्ताला चुकीचे ठरवू शकणार नाही. म्हणून वर्गात ‘खरा की खोटा’ असा निकाल देऊ नका. किती अपेक्षाभंग पुरेसा आणि स्मरणाचा कालावधी किती, या अटी प्रयोगापूर्वीच नोंदवून ठेवल्या आणि त्यांनुसार परिणाम यायला हवा असताना तो आला नाही, तर तो सिद्धान्ताविरुद्धचा पुरावा मानावा लागेल, असे सांगा. शेवटची दहा मिनिटे अशा एका प्रयोगाचा आराखडा वर्गाकडूनच तयार करून घ्या.