१२,००० पौंडाचा कॅम्पर ओढायचाय: पॉवरस्ट्रोक, ड्युरामॅक्स की कमिन्स?

टेक्सासकर
नमस्कार मंडळी, अमेरिकेत पिकअप ट्रक वापरणारं कोणी असेल तर मदत करा. आम्ही डॅलसजवळ राहतो, मागच्या महिन्यात सेकंडहँड फिफ्थ व्हील कॅम्पर (ट्रकच्या पाठीवर टेकवून ओढायचं फिरतं घर) घेतला, सामान-पाणी भरून साधारण १२,००० पौंड होतो. आता ओढायला ट्रक हवा. बजेट ५०,००० डॉलर, म्हणजे जुनाच बघावा लागणार. डोक्यात तिन्ही डिझेल आहेत, फोर्डचं ६.७ पॉवरस्ट्रोक, शेवरोलेचं ६.६ ड्युरामॅक्स आणि रॅमचं ६.७ कमिन्स, आणि २५० (फोर्ड) किंवा २५०० (शेवरोले, रॅम) साइझ पुरेल असं वाटतंय. अडचण अशी की ज्याला विचारावं तो स्वतःच्याच ब्रँडचं कौतुक करतो, ऑफिसातला एक जण म्हणतो फोर्डचं डिझेल घेतलं की हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) गेलंच समज, शेजारचे म्हणतात कमिन्स डोळे मिटून घे. वर्षाला चार-पाच ट्रिपा, त्यातल्या दोन कोलोरॅडोला, बाकी दिवस ट्रक ऑफिसला जाईल, ८ मैल जायला आणि ८ यायला. मुलं लहान आहेत, मधेच रस्त्यात बंद पडणारी गाडी नको. कुठलं इंजिन घेऊ?

नोझलवाला
दादा, मी ओहायोत डिझेलच्या वर्कशॉपमध्ये बरीच वर्षं काम करतोय, तिन्ही कंपन्यांची इंजिनं रोज उघडतो. ब्रँड विचारू नको, वर्ष विचार. तुझ्या ऑफिसातला माणूस म्हणतोय ते खरंय पण ते २००३ ते २००७ च्या ६.० लिटर पॉवरस्ट्रोकचं, ते फोर्डचं नव्हतंच, नॅव्हिस्टारने बनवलेलं. ऑइल कूलर आतून चोंदायचा, मग ईजीआर कूलरला (इंजिनात परत जाणारा धूर थंड करणारा) पाणी पुरायचं नाही, तो फुटला की पाणी इंजिनात, आणि हेड बोल्टची ताकद मुळात कमी त्यामुळे हेड उचललं जायचं. सगळी साखळी त्या एका चोंदलेल्या कूलरपासून सुरू व्हायची. २०११ पासूनचं ६.७ हे फोर्डने स्वतः डिझाइन केलेलं वेगळंच इंजिन आहे, त्याच्यावर जुन्या इंजिनाचं पाप टाकू नये.

तसंच ड्युरामॅक्सचं, २००१ ते २००४ चं एलबी७ (हे इंजिनाच्या पिढीचं नाव) इंजेक्टरसाठी बदनाम, इंजेक्टर व्हॉल्व्ह कव्हरच्या आत, त्यामुळे बदलायला मजुरीच भरमसाट. आणि २००६-०७ चं एलबीझेड आजही लोक शोधत फिरतात. म्हणजे एकाच कंपनीत दोन टोकं.

तुझ्या बजेटमध्ये ज्या गाड्या येतात त्यांच्यात मी सगळ्यात आधी डिझेलचा हाय प्रेशर पंप कुठला ते बघतो. बॉशचा सीपी४ नावाचा पंप २०११ पासून फोर्डच्या ६.७ ला आहे, २०११ ते २०१६ च्या एलएमएल ड्युरामॅक्सला होता, आणि रॅमने २०१९ ला घेतला, दोन वर्षांत रिकॉल करून परत जुना सीपी३ बसवला. सीपी४ ला दोनच पिस्टन, त्यांच्याखालचा रोलर कॅमवर सरळ फिरायला हवा. तो आडवा झाला की लोखंड लोखंडावर घासतं आणि तो चुरा रेल (इंजेक्टरांना डिझेल पुरवणारी नळी), इंजेक्टर, परत टाकी असा सगळीकडे फिरतो. नुसता पंप बदलून भागत नाही, अख्खी फ्युएल सिस्टिम बदलावी लागते. त्यात अमेरिकेतलं डिझेल युरोपपेक्षा कोरडं, म्हणजे घर्षणाच्या चाचणीत इथे ५२० मायक्रॉनपर्यंत झीज चालते आणि युरोपात ४६० पर्यंतच. पंप तिकडच्या डिझेलचा हिशोब धरून केलेला, इथे त्याला तेवढं वंगण मिळत नाही.

२०१७ पासूनच्या एल५पी ड्युरामॅक्सला डेन्सोचा पंप आहे आणि टाकीत लिफ्ट पंपही (डिझेल पुढे ढकलणारा) दिलाय, आधीच्या ड्युरामॅक्सला तो कंपनीकडून नव्हताच. म्हणून माझं मत २०१७ ते २०१९, सहा गिअरच्या अ‍ॅलिसन गिअरबॉक्सवालं. २०२० ते २०२२ च्या ड्युरामॅक्सला दहा गिअरच्या ट्रान्समिशनचा रिकॉल निघालाय, चालत्या गाडीत मागची चाकं लॉक होऊ शकतात म्हणून, तर त्यातली घेतलीस तर काम झालंय का ते व्हिन नंबर (गाडीचा चेसिस नंबर) टाकून आधी बघ.

फलटणकर
कमिन्सबद्दल मी बोललोच पाहिजे 🙏 वडील टाटाचा २५१५ चालवायचे, त्याला ५.९ लिटरचं कमिन्सचं सिक्स बीटी इंजिन, आणि १९८९ ला डॉजने आपल्या पिकअपला बसवलं ते हेच घराणं. आपल्याकडे टाटा कमिन्सचा कारखाना फलटणला आहे, पुण्याला कोथरूडात तर कमिन्स १९६२ पासून. खंबाटकीचा घाट भरल्या गाडीने चढताना त्या इंजिनाचा आवाज मी कॅबिनमध्ये बसून ऐकलाय, त्यामुळे इथे आल्यावर पहिला ट्रक घेतला तो रॅमच, १९९७ चा बारा व्हॉल्व्हवाला, अजून आहे.

ते टिकतं याला कारण आहे. सहा सिलिंडर एका ओळीत, क्रँकला सात मेन बेअरिंग, कॅमला टायमिंग चेन नाही बेल्ट नाही सरळ गिअर, आणि मुळात जड कामासाठी म्हणून बनवलेलं. माझ्या १९९७ ला तर इंजिनवर कॉम्प्युटर नाही, पंप सगळा मेकॅनिकल. टायमिंग गिअरकेसमधली एक डॉवेल पिन निसटून गिअरमध्ये पडू शकते, तिला एक पत्रा लावून अडवली की काम झालं.

पण हे पण सांगतो की नवीन ६.७ म्हणजे तेच इंजिन असं समजू नका. इनटेकमध्ये ग्रिड हीटर (आत येणारी हवा तापवणारा) आहे, त्याचा नट झिजून ढिला झाला की थेट सिलिंडरमध्ये, बहुतेक सहा नंबरच्या, २०२५ ला तो काढून ग्लो प्लग दिले. आणि २५०० ला २०२४ पर्यंत जो ६८आरएफई गिअरबॉक्स यायचा तो इंजिनाच्या ताकदीपुढे कच्चा आहे. इंजिन सोन्याचं आणि मागचा गिअरबॉक्स असा, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

टेक्सासकर
बापरे, एवढं कोणीच सांगितलं नव्हतं. म्हणजे २०१७-१९ चा सिल्व्हराडो २५००, ठरलं का?

रस्ताच घर
थांब रे, घाई करू नकोस. मी आणि आमचे हे चार वर्षं कॅम्परमध्येच राहतोय, ४० च्या वर राज्यं फिरून झाली, म्हणून ताईच्या नात्याने सांगते.

आधी वजन बघ, मग इंजिन. फिफ्थ व्हीलचं साधारण २० टक्के वजन ट्रकच्या पाठीवर येतं, म्हणजे तुझं २,४०० पौंड, त्यात हिचचे (कॅम्पर जोडायच्या लोखंडाचे) १५०-२००, तुम्ही चौघं, कूलर, सायकली. डिझेलचं इंजिनच जड आणि २५०० ची एकूण मर्यादा बहुतेक १०,००० पौंडांच्या आसपास, त्यामुळे पाठीवर घ्यायला पुष्कळ गाड्यांना २,००० च्या आसपासच उरतं. ड्रायव्हरच्या दारावर पिवळं स्टिकर असतं त्यावर आकडा लिहिलेला असतो, तो वाच. तुला ३५०० च, म्हणजे एक साइझ मोठी, लागणार.

आणि दुसरं ते ८ मैल! डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळीचा फिल्टर असतो, तो तापून ती काजळी जाळतो आणि त्यासाठी हायवेवर सलग वीस-तीस मिनिटं पळवावी लागते. रोज ८ मैल जाऊन बंद केलीस तर जाळणं अर्धवट राहतं, फिल्टर भरतो, डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. कमिन्सचा टर्बो पण काजळीने अडकतो. वर्कशॉपवाल्या दादांनी पंपाचं सांगितलं ते शंभर टक्के खरं, आमच्या पहिल्या ट्रकचा पंप न्यू मेक्सिकोत भर दुपारी गेला, कंपनी कुठली ते लिहीत नाही, बिल ११,००० डॉलर आणि नऊ दिवस मोटेलमध्ये. पण तुझ्या वापरात पंपाच्या आधी हा फिल्टरच त्रास देईल.

म्हणून मी म्हणेन पेट्रोल बघ. फोर्डचं ७.३ लिटर २०२० पासून आलंय, ४३० हॉर्सपॉवर, लोखंडी ब्लॉक, एकच कॅम तोही ब्लॉकमध्ये, टर्बो नाही, साधं पोर्ट इंजेक्शन. बिघडायला त्यात फार काही ठेवलेलंच नाही. आमच्या मित्रांकडे आहे, ओढताना गॅलनला ८ मैलांचा अ‍ॅव्हरेज देतं, आमचं डिझेल १०-११ देतं, पण नवीन घेताना डिझेलला जे दहा हजार जास्त मोजावे लागतात त्यात पुष्कळ पेट्रोल येतं.

नोझलवाला
ताई, वजनाचं आणि फिल्टरचं अगदी मान्य, तो ८ मैलांचा भाग माझ्या नजरेतून सुटला होता. पण कोलोरॅडो विसरू नका. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद सोडतं. डॅलसहून जाताना रॅटन पास ७,८०० फुटांवर, तिथे ४३० चे ३३० राहतात. आय-७० हायवेवर आयझेनहॉवर बोगद्यापाशी ११,००० फूट, तिथे २९० च्या आसपास. चढ जाईल, ट्रकच्या लेनमधून ताशी ४० मैलांनी जाईल, त्याचं काही नाही. मला काळजी उताराची. डिझेलला एक्झॉस्ट ब्रेक असतो, बटण दाबलं की टर्बोच गाडीला धरून ठेवतो आणि ब्रेक थंड राहतात. वुल्फ क्रीक पास उतरताना मागे १२,००० पौंड आणि आत मुलं असतील तर मला तो हवा.

रस्ताच घर
हे बरोबर आहे. उतरताना आम्ही पण त्याच्याच भरवशावर असतो. मग ऑफिसला वेगळी गाडी ठेव रे, जुनी का असेना. ट्रक महिन्यातून दोनदा तासभर हायवेवर काढायचा, कॅम्पर नसला तरी.

फलटणकर
आणि गर्दीच्या पंपावर डिझेल भरा, जिथे ट्रक थांबतात तिथे, खप जास्त म्हणजे टाकीत पाणी साचत नाही. वॉटर सेपरेटरचा (डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा) दिवा लागला की त्याच दिवशी ड्रेन करायचं, उद्यावर ढकलायचं नाही.

टेक्सासकर
सगळ्यांचे मनापासून आभार. बायकोशी बोललो, तिची जुनी कोरोला विकणार होतो ती आता ठेवतोय, ऑफिसला तीच. फोर्ट वर्थला एक २०१८ चा ३५०० ड्युरामॅक्स बघितलाय, ९२,००० मैल, एकच मालक, फ्युएल फिल्टर बदलल्याच्या सगळ्या पावत्या आहेत म्हणतोय. दारावरच्या स्टिकरचा फोटो मागवला, ३,६०० पौंड लिहिलंय. शनिवारी जातोय, इंजिन पूर्ण थंड असताना मी येऊन किल्ली मारेन असं त्याला सांगितलंय. नोझलवाला दादा, सुरू केल्यावर आधी काय ऐकू आणि काय बघू तेवढं शुक्रवारपर्यंत लिहा.