पाईनचा कोन (झाडाचं खवल्या-खवल्याचं लाकडी बोंड) पावसात मिटला आन उन्हात परत उघडला, जिवंत हाय का हे?

राजारामपुरी_८वी_गल्ली:
मे महिन्यात कसौलीला गेलतो, पोरीनं तिथनं पाईनचे चार कोन उचलून आणले, गॅलरीत कुंडीशेजारी ठेवलेले. जूनमध्ये झड आत यायला लागली तसे चारी घट्ट बंद, मला वाटलं कुजले. आता ऑक्टोबरच्या उन्हात परत फाकलेत. बायको म्हणते जिवंत हाय, पाणी घाल. झाड येतंय का ह्यातनं? बी तर कुठंच दिसंना.

माळीबुवा:
जिवंत न्हाई ओ, कवाच वाळलंय ते. खवल्याला दोन थर असतात, बाहेरचा पाणी पिऊन जास्त फुगतो म्हणून खवला आत वळतो, वाळला की परत बाहेर. पावसाळ्यात दार फुगून चौकटीत अडकतंय न्हवं, तसंच. झाडाचा फायदा असा की ओल्या हवेत बी सोडलं तर बुडातच पडणार, कोरड्या वाऱ्यात सोडलं तर लांब जातंय. एका खवल्यावर दोन बिया, पातळ पंखाच्या, भिंगरीगत फिरत येतात. तुमच्यातल्या तिथंच उडून गेल्या असणार, तुम्ही रिकामं पाकीट आणलंय 😄

राजारामपुरी_८वी_गल्ली:
आयला. मग ह्याला फूल कधी येतंय?

माळीबुवा:
फूल न्हाईच. नराचे बारके कोन वेगळे, त्यातनं पिवळी भुकटी उडते, एकेका कणाला हवेच्या दोन पिशव्या, मधमाशीची गरजच न्हाई. ती मादी कोनात पोचली तरी लगेच बी धरत न्हाई, फलन व्हायलाच वर्षभर जातंय, कोन पिकायला दुसरं वर्ष.

शाहूपुरीकर:
आमच्या कॉलनीत पाईन हाय की! बारके बारके कोन पडतात खाली.

माळीबुवा:
सुरूचं झाड असणार ते. लई जण फसतात. सुरू फूलझाड हाय, तो कोन न्हवं, फळांचा घोस.

भटक्या_९:
सगळ्याच पाईनचे कोन नुसत्या कोरड्या हवेनं उघडत न्हाईत हां. अमेरिकेतल्या लॉजपोल पाईनचे बरेच कोन डिंकानं चिकटलेले असतात, वणवा लागून डिंक वितळला की मगच बी मोकळं. व्हाईटबार्क पाईनचा कोन तर आपला आपण उघडतच न्हाई, नटक्रॅकर पक्षी फोडून बी जमिनीत पुरतो, खायचं राहिलं ते उगवतं. आपण ड्रायफ्रूटवाल्याकडनं घेतो तो किन्नौरचा चिलगोजा पण पाईनचंच बी, परवडलं तर बघा.

राजारामपुरी_८वी_गल्ली:
चिलगोज्याचा भाव बघून गप्प बसलो. एक कोन बादलीत टाकलाय, पोरगी समोर मांडी घालून बसलीय, अजून मिटंना.

माळीबुवा:
तास-दोन तास धरा की, तोवर च्या टाका.