मदत हवी आहे : मिआटाचा क्लच घरी काढतोय, गिअरबॉक्स इंजिनापासून सुटत नाहीये

एडिसनकर
मंडळी, गिअरबॉक्स खाली उतरवायचा अनुभव कोणाला आहे का, प्लीज लवकर सांगा. गाडी माझदा मिआटा, छोटी दोन सीटची; क्लच बदलायचाय. गाडी गॅरेजमधे वर घेतलीये, गिअर लिव्हर आतून काढला, एक्झॉस्टचा मधला पाइप काढला, ड्राइव्हशाफ्ट काढला, सगळे बोल्ट काढून झाले, तरी गिअरबॉक्स इंजिनाला चिकटून बसलाय, ढिम्म हलत नाही. फटीत प्राय बार घालून पण बघितला. व्हिडिओत तो माणूस नुसता हाताने डावीकडे उजवीकडे करतो आणि बाहेर येतो. सोमवारी ऑफिसला जायचंय, बायको दुसरी गाडी घेऊन बॉस्टनला गेलीये. काय करू?

डेट्रॉइटची_ताई
कुठल्या सालची? एनए का एनबी, म्हणजे पहिली पिढी का दुसरी? पाच गिअर का सहा? पीपीएफ (गिअरबॉक्सला मागच्या डिफरन्शियलशी जोडणारी लांब फ्रेम) पूर्ण काढलात का नुसता एका बाजूने सोडवलात? आणि आधी हे सांगा, गाडी कशावर उभी आहे आणि गिअरबॉक्सखाली काय आहे?

पाना_बारा
ताईंच्या प्रश्नांआधी माझा एक. क्लच का काढताय? लक्षण काय होतं? या गाड्या आता वीस-पंचवीस वर्षांच्या झाल्या, स्लेव्ह सिलिंडरचं, म्हणजे पेडल दाबल्यावर तेलाच्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या भागाचं, रबर गेलेलं असतं, पेडल खाली जातं, पहिला गिअर पडत नाही, आणि लोक सरळ गिअरबॉक्स उतरवायला घेतात. स्लेव्ह बाहेरच्या बाजूला दोन बोल्टवर आहे. तो बदलून, हवा काढून आधी बघायला पाहिजे होतं. माझ्या गाडीत हेच झालं होतं.

एडिसनकर
२००१, एनबी, पाच गिअर. पीपीएफ पूर्ण काढला. डिफरन्शियलकडचा तो स्लीव्ह निघत नव्हता, त्याने जीव खाल्ला, पण निघाला. गाडी चार स्टँडवर आहे. गिअरबॉक्सखाली जॅक आहे. आता पुढचं सांगा.

कोथरूडकर_काका
अहो आम्ही प्रीमियर पद्मिनीचा गिअरबॉक्स रस्त्याच्या कडेला काढलेला आहे. ती पण मागच्या चाकांवर चालणारी गाडी, रचना तीच, पुढे इंजिन, त्याला गिअरबॉक्स, मागे लांब शाफ्ट. एक जण खाली झोपायचा, गिअरबॉक्स छातीवर घ्यायचा, दुसरा वरून हलवायचा. कसली स्टँड आणि कसलं काय. तुम्ही लाकडाचा ठोकळा लावून वरच्या बाजूला चांगला मोठा घण मारा, सुटेल.

डेट्रॉइटची_ताई
काका, मनापासून सांगते, हा सल्ला देऊ नका. गिअरबॉक्स ३५-४० किलोचा आहे, आणि तो सुटतो तेव्हा सरळ खाली येत नाही, इनपुट शाफ्टवर (क्लचमधे शिरणारा गिअरबॉक्सचा दांडा) लटकतो आणि मग एकदम मागे येतो. छातीवर घ्यायची वस्तू नाही ती. आणि बेलहाउसिंग, म्हणजे क्लच झाकणारं गिअरबॉक्सचं पुढचं तोंड, ॲल्युमिनियमचं आहे, घण मारला तर कान तुटेल, मग क्लच राहिला बाजूला, दुसरा गिअरबॉक्स शोधत बसावं लागेल.

कोथरूडकर_काका
मला कोणाला दुखवायचं नाही ताई, पण आम्ही केलंय आणि कोणाला काही झालेलं नाही. असो. एक गोष्ट मात्र आमच्या मिस्त्रीची घ्या. परत चढवताना दोन लांब बोल्टची डोकी कापून ते इंजिनाच्या भोकात घट्ट न करता लावून ठेवायचे, गिअरबॉक्स त्यांच्यावरून सरकत जातो, डोळे मिटून बसतो.

डेट्रॉइटची_ताई
हे मात्र अगदी बरोबर. हे कराच.

मेलबर्नचा_मामा
गिअर ऑइल कुठलं घालणार आहात? जीएल-४ दर्जाचंच घ्या, ७५डब्ल्यू-९० जाडीचं. जीएल-५ मधली सल्फरची ॲडिटिव्ह गिअर अलगद पाडणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगना खातात. मी या विषयावर पूर्वी सविस्तर लिहिलं आहे.

पाना_बारा
मॅन्युअलमधे दोन्ही चालतात असं आहे मामा. आणि त्यांनी हे विचारलंच नाहीये.

मेलबर्नचा_मामा
मॅन्युअल छापलं तेव्हाची गोष्ट वेगळी, आताची जीएल-५ वेगळी. दुसऱ्या गिअरला कुरकुर सुरू झाली की मग आठवण येते. आत्ताच ठरवलेलं बरं, ऑइल तर काढलंच असेल ना त्यांनी?

एडिसनकर
ऑइल काढलंय. मामा ते नंतर बघू. पाना_बारा, लक्षण हे होतं की हायवेला चढावर चौथ्या पाचव्यात पाय दाबला की आरपीएम चढतात आणि गाडी तेवढीच. गिअर सगळे मऊ पडतात. जळका वास पण येतो.

डेट्रॉइटची_ताई
मग पाना_बारा, हा स्लेव्हचा प्रश्न नाही. स्लेव्ह गेला तर क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर पडताना खर्रर्र होतं. इथे क्लच पकडत नाहीये. डिस्क संपली किंवा तिच्यावर तेल आलंय.

पाना_बारा
मान्य. पण स्लेव्ह तरी बदलाच, आता हात तिथे आहेच तर. आणि तोपर्यंत, गिअरबॉक्स काढताना, पाइप उघडू नका, आहे तसा बाजूला बांधून ठेवा.

शनिवारवाडा_जीटी
धागा हायजॅक करत नाही पण पुण्यात मिआटा आणता येते का? जुनी, एनबीच. मित्र अमेरिकेहून परत येतोय.

पाना_बारा
नाही येत. वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही आणि स्टिअरिंग उजवीकडे लागतं. माझदाच्या कार कंपनीने भारतात अधिकृत विकल्याच नाहीत, आपल्याकडे ते नाव स्वराज माझदाच्या टेम्पोंमुळे माहीत.

एडिसनकर
अहो कोणी गिअरबॉक्सबद्दल सांगणार का????

डेट्रॉइटची_ताई
सांगते, शांतपणे वाचा. प्राय बार बाजूला ठेवा. "सगळे बोल्ट" म्हणजे कुठले ते एकेक लिहा. वरचे १७ मिमीचे काढलेत? त्यासाठी मागचं टोक खाली सोडावं लागतं, इंजिन माउंटवर मागे झुकतं, मग मागून लांब एक्स्टेन्शन आणि स्विव्हल लावून वरच्या बोल्टपर्यंत पोचता येतं. झुकवताना इंजिनाचा मागचा भाग फायरवॉलला (इंजिनामागच्या पत्र्याला) टेकत नाही ना ते वरून बघा. खाली दोन्ही बाजूंना इंजिन ब्लॉकपासून बेलहाउसिंगला जाणारी जाड ब्रॅकेट असतात, ती सोडलीत? आणि स्टार्टर?

एडिसनकर
वरचे काढले. ब्रॅकेट काढली. स्टार्टरला हात नाही लावला, तो इंजिनाला आहे ना, त्याचा इथे काय संबंध?

डेट्रॉइटची_ताई
तोच संबंध. स्टार्टरचं तोंड बेलहाउसिंगमधे आहे आणि त्याचे बोल्ट बेलहाउसिंगमधून जातात. ते असेपर्यंत गिअरबॉक्स जन्मात सुटणार नाही. खालचा सहज दिसतो. वरचा इनटेक मॅनिफोल्डच्या खाली लपलेला आहे, वरून हात जात नाही, गिअरबॉक्सच्या बाजूने, मागून लांब एक्स्टेन्शननेच घ्यायचा. बॅटरीची निगेटिव्ह काढलीच असेल, नसेल तर आधी ती काढा, स्टार्टरच्या वायरला कायम करंट असतो.

कोथरूडकर_काका
बरोबर, पद्मिनीत पण स्टार्टर आधी बाहेर.

जर्सी_सिटीचा_बंड्या
मी पण तुमच्यासारखा न्यू जर्सीतच. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ मारतात, त्यामुळे बोल्ट निघाले तरी डॉवेल, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स नेमके जुळवणाऱ्या खुंट्या, गंजून पकडतात. दोन डॉवेलवर भेदक तेल मारा, अर्धा तास सोडा, आणि बार एकाच बाजूला जोरात घालू नका. थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, फट दोन्हीकडे सारखी वाढली पाहिजे. तिरका झाला की डॉवेल अजून घट्ट बसतो.

पाना_बारा
आणि इंजिनाला आधार देताना जॅक ऑइल पॅनखाली डायरेक्ट लावू नका.

जर्सी_सिटीचा_बंड्या
फळी ठेवून चालतं, मी केलंय.

पाना_बारा
फळी पूर्ण पॅनएवढी रुंद असेल तर. नाहीतर पॅन आत दबतो आणि तेल ओढणारा पाइप तळाला लागतो, ऑइल प्रेशर गेलं की इंजिन गेलं. उगाच का धोका घ्यायचा, वरून सपोर्ट बार मिळतो भाड्याने.

एडिसनकर
निघाला!!! स्टार्टरचा वरचा बोल्ट काढायलाच सगळ्यात जास्त वेळ लागला, तीन एक्स्टेन्शन जोडून पाना पार ड्राइव्हशाफ्टच्या जागेपर्यंत मागे आला, पण टक् असा आवाज होऊन सुटला. मग उजवीकडचा डॉवेल अडला होता, बंड्या म्हणतो तसं तेल मारून डावं-उजवं केलं. शेजारच्या मुलाला जॅक धरायला बोलावलं. ताई तुमचे खूप खूप आभार.

आता पुढचं. प्रेशर प्लेट (डिस्क दाबून धरणारी) काढली. डिस्क रिव्हेटपर्यंत झिजलीये आणि एका बाजूला काळी चकचकीत, बोट लावलं तर ओलसर. म्हणजे तेल आहे. कुठून आलं? किट मागवलंय त्यात डिस्क, प्लेट, दोन बेअरिंग आणि प्लास्टिकचं अलाइनमेंट टूल आहे, सील नाहीये.

डेट्रॉइटची_ताई
छान! आता घाई करू नका, सील न बदलता नवी डिस्क लावलीत तर तीही अशीच होईल. वास घ्या. गिअर ऑइलला सल्फरचा उग्र वास असतो, तो असेल आणि बेलहाउसिंगच्या आत रिलीज फोर्कच्या आजूबाजूला ओलं असेल तर इनपुट शाफ्टचं सील. इंजिन ऑइलसारखं काळं असेल आणि फ्लायव्हीलच्या (क्रँकला लावलेलं जड चाक) मागे खाली ओघळ असेल तर क्रँकचं मागचं सील. फ्लायव्हील काढल्याशिवाय नक्की कळणार नाही. आतली धूळ हवेच्या प्रेशरने उडवू नका, ब्रेक क्लीनर आणि फडकं.

जर्सी_सिटीचा_बंड्या
फ्लायव्हील काढलंत की पायलट बेअरिंग (इनपुट शाफ्टचं टोक धरणारं) पण बदला. भोकात पाव कोंबून दांडा ठोकायची युक्ती आहे, बेअरिंग आपोआप बाहेर येतं.

पाना_बारा
पावाची गरज नाही. मिआटात पायलट बेअरिंग फ्लायव्हीलमधेच बसवलेलं असतं. फ्लायव्हील हातात आलं की मागून सॉकेटने हळू ठोकलं तरी निघतं.

एडिसनकर
वास उग्र नाहीये, काळं आहे, फ्लायव्हीलच्या खाली ओघळ दिसतोय. म्हणजे मागचं सील. मागवतो. पण फ्लायव्हीलचे बोल्ट सोडवताना अख्खं क्रँक फिरतंय, लॉक करायचं टूल नाहीये. काय करू?

डेट्रॉइटची_ताई
बेलहाउसिंगचा एक बोल्ट ब्लॉकच्या भोकात हाताने लावा, आणि एक जाड पट्टी घ्या जिचं एक टोक त्या बोल्टला अडेल आणि दुसरं प्रेशर प्लेटच्या भोकात बोल्टने पकडेल. लावताना पट्टी उलट्या बाजूला. फ्लायव्हीलचे सहा बोल्ट क्रँककेसमधे आरपार जातात, त्यामुळे आट्यांना सीलंट लावायचंच, आणि ७१ ते ७६ फूट-पाउंडला टॉर्क रेंचने, चांदणीच्या क्रमाने. प्रेशर प्लेटचे सहा बोल्टही असेच थोडे थोडे आवळा, एकच पूर्ण आवळला तर प्लेट वाकते. गिअरबॉक्स चढवताना शेवटचा अर्धा इंच बोल्टने ओढून आणू नका. जात नसेल तर डिस्क मधोमध नाही, खाली उतरवा आणि टूल परत घाला. सोमवारी ट्रेनने जा.