मदत हवी आहे: संवेदनशील त्वचेसाठी कोरफडीचा सौम्य फेसवॉश कसा निवडावा?

नमस्कार मंडळी, माझी त्वचा फार संवेदनशील आहे. चेहरा धुतला की गाल लाल होतात, ओढल्यासारखे वाटतात, नाकाच्या बाजूला चुरचुरतं. साबण पूर्ण बंद केलाय. त्वचेचा पीएच साधारण ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो आणि साबणाचा ९ ते १०, त्यामुळे तो मला झेपणं शक्यच नाही.

आता कोरफड असलेला फेसवॉश घ्यायचा आहे. पण बाटलीवर कोरफडीचं भलंमोठं चित्र आणि मागच्या यादीत ती पार शेवटी, सुगंधाच्याही खाली! घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, म्हणजे तिथे कोरफड नावापुरतीच असणार ना? मला तर वाटतं, कोरफडीपेक्षा फेस आणणारा घटक कोणता हे जास्त महत्त्वाचं. सोडियम लॉरिल सल्फेट नकोच. डेसिल ग्लुकोसाइड किंवा कोको ग्लुकोसाइड सौम्य असतात असं वाचलंय. कुणी नियमित वापरलंय का? धुतल्यावर त्वचा कोरडी पडते का?

घरच्या कोरफडीचा गर थेट लावा, असंही बरेच जण सुचवतात. पण पानाच्या सालीलगतच्या पिवळ्या चिकाने काहींना खाज सुटते, म्हणून धीर होत नाही.

शिवाय, नवीन फेसवॉश आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघते, पण तिथे काही झालं नाही तरी चेहऱ्यावर चुरचुरू शकतं. तुम्ही चाचणी कुठे आणि किती दिवस घेता? अशीच त्वचा असलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.