प्रेशर वॉशर पाच मिनिटांत बंद पडतं, अर्ध्या तासाने पुन्हा चालतं

ओलीगच्ची
१८०० वॅटचं, २३० व्होल्टचं, इंडक्शन मोटरवालं मशीन आहे. पाच-सहा मिनिटं व्यवस्थित चालतं आणि एकदम गप्प होतं. वीस-पंचवीस मिनिटांनी स्विच दिला की पुन्हा सुरू. आता आणखी एक भर पडली आहे: सुरू करताना कधी कधी नुसतं ‘घूंऽऽ’ करतं, फिरत नाही. पाणी नळाला लावलेल्या अर्ध्या इंची पाइपने येतं, वीज २० मीटरच्या गुंडाळीवाल्या एक्स्टेन्शनवरून. मोटर उघडून बघू का?

तारतम्य
मोटर उघडू नका. थंड झाल्यावर मशीन आपसूक चालू होतंय, म्हणजे वाइंडिंग (मोटरमधलं तारेचं वेटोळं) जळालेलं नाही. आतला थर्मल कटआउट, म्हणजे मोटर फार तापली की वीज तोडणारा स्विच, मोटर वाचवतोय. ती तापते कशाने, ते शोधायचं.

माझा पहिला संशय एक्स्टेन्शनवर. बाजारातल्या बहुतेक गुंडाळ्यांत १ एमएमची (म्हणजे १ चौरस मिमी जाडीची) किंवा त्याहून बारीक वायर असते. १ एमएम तांब्याची २० मीटर वायर म्हणजे जाऊन-येऊन ४० मीटर, सुमारे ०.७ ओहम. चालताना ८ अँपिअरला पाच-सहा व्होल्ट पडतात, ते खपून जातं. पण सुरू होताना इंडक्शन मोटर पाचपट करंट ओढते, तेव्हा सरळ २८-३० व्होल्ट गायब. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो: २३० च्या जागी १९० मिळाले तर जोर जवळपास एक तृतीयांशाने कमी. तुमचं ‘घूं’ बहुतेक तेच आहे. घूं करत असताना तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त वेळ स्विच चालू ठेवू नका, वाइंडिंग याच अवस्थेत जळतं.

आधी मशीन थेट १६ अँपिअरच्या सॉकेटला लावून बघा. एक्स्टेन्शन लागणारच असेल तर अडीच एमएमचं घ्या आणि वापरताना गुंडाळी पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या वायरची उष्णता आतच कोंडते आणि प्लास्टिक मऊ पडतं.

झडप
वरच्या उत्तराशी सहमत, पण बंद पडणं उष्णतेमुळेच आहे हे आधी पक्कं करा. या मशीनमध्ये ट्रिगर सोडला की पंपातला दाब एक छोटी पिन ढकलतो, पिन मायक्रोस्विच (आतलं छोटं बटण) दाबते आणि मोटर थांबते. ट्रिगर ओढला की दाब उतरतो, स्प्रिंग पिन मागे नेते, मोटर सुरू. क्षार साचून पिन अडकली तरी मशीन असंच गप्प होतं.

म्हणून पुढच्या वेळी बंद पडलं की स्विच चालूच ठेवून ट्रिगर चार-पाच वेळा ओढा-सोडा. लगेच सुरू झालं तर दोष पिन किंवा मायक्रोस्विचचा. काहीच झालं नाही आणि वीस मिनिटांनीच सुरू झालं, तर उष्णता.

मग दोन चाचण्या. पाइप मशीनपासून काढून १० लिटरची बादली भरा. या ताकदीच्या मशीनला मिनिटाला साधारण ७-८ लिटर पाणी लागतं, म्हणजे बादली सव्वा मिनिटाच्या आत भरली पाहिजे. दुसरी: नोझल काढून, ट्रिगर ओढून धरून मशीन १५ मिनिटं चालवा.

ओलीगच्ची
करून पाहिलं. ट्रिगर ओढून-सोडून काही होत नाही. बादली ५५ सेकंदांत भरते. थेट सॉकेटवर ‘घूं’ पूर्ण गेलं, पण नऊ मिनिटांनी बंद पडलंच. नोझल काढून मात्र १५ मिनिटं न थांबता चाललं.

झडप
नोझल नसताना मोटरवर ओझं कमी असतं आणि तेव्हा ती चालते, मग बहुतेक नोझल तुंबलं आहे. भोक अर्धवट बंद असलं की पंपातला दाब बायपास (जास्तीचं पाणी परत वळवणारी झडप) उघडेपर्यंत चढतो, मोटर सतत कमाल ओझ्यावर राहते आणि तापते. फवारा एका बाजूला वाकडा किंवा फाटलेला दिसत असेल, नीट बघा.

प्लग काढा, पाणी बंद करा, ट्रिगर ओढून उरलेला दाब सोडा, मगच नोझल काढा. भोक जेमतेम १ मिलिमीटरचं असतं. त्यात मऊ तांब्याची बारीक तार घाला. खिळा किंवा ड्रिल बिट नको, भोक मोठं झालं की दाब कायमचा गेला. नंतर नोझल उलटं धरून नळाखाली धुवा, म्हणजे कचरा आला त्या वाटेने बाहेर पडेल. पांढरा क्षार असेल तर तासभर व्हिनेगरमध्ये ठेवा.

आता मशीनच्या पाणी घ्यायच्या तोंडातली जाळी पक्कडीने ओढून काढा. नोझल कचऱ्याने तुंबलं असेल तर बहुतेक जाळी फाटली आहे किंवा कोणीतरी काढून टाकली आहे. तसं असेल तर नवी बसवल्याशिवाय चालवू नका, कारण तोच कचरा पंपाच्या व्हॉल्व्हखालीही अडकतो आणि मग दाब धडधडत वर-खाली होतो.

जोडताना क्रम पाळा: आधी पाणी सोडा, ट्रिगर ओढून धार सलग येईपर्यंत हवा जाऊ द्या, मग स्विच.

तारतम्य
थेट सॉकेटवरही पुढे कधी ‘घूं’ आलं तर कपॅसिटर (मोटरला सुरू व्हायला मदत करणारा, वीज साठवणारा भाग) बघा. प्लग काढून, १० किलोओहम ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड पक्कडीने दोन्ही टोकांवर पाच सेकंद धरा आणि मीटरवर शून्य व्होल्ट आल्यावरच हात लावा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका. एक टोक सुटं करून मायक्रोफॅरड (कपॅसिटरच्या क्षमतेचं माप) मोजा. छापलेल्या आकड्यापेक्षा १० टक्क्यांहून कमी भरलं तर बदला. नवा तितक्याच मायक्रोफॅरडचा, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त.

नोझल साफ झाल्यावर एकदा क्लँप मीटरने करंटही मोजा. क्लँप अख्ख्या केबलभोवती नाही, एकट्या फेज वायरभोवती लावायचा, नाहीतर शून्यच दिसेल. नेमप्लेटवर ८ असताना मीटर १०-११ दाखवत राहिला तर पंप जड फिरतोय, तेव्हा बेअरिंग आणि पंपाचं तेल तपासा. तेल दुधासारखं पांढरट झालं असेल तर पाण्याचे सील गेलेत.