शब्दचर्चा : शिसपेन्सिल, लेड पेन्सिल आणि खटक्याची पेन्सिल

प्रश्न : मुलाच्या शाळेतून आलेल्या यादीत 'लेड पेन्सिल आणू नये' असं लिहिलंय. लेड म्हणजे शिसं ना? मग शिसपेन्सिलही चालणार नाही का? आणि मागचं बटण दाबलं की शिसं पुढे येतं, त्या पेन्सिलीला मराठीत काय म्हणावं?

उत्तर : शिसपेन्सिल खुशाल द्या. यादीतली लेड पेन्सिल म्हणजे ती बटणाची. हल्ली दुकानात 'लेड पेन्सिल' मागितली की बहुधा तीच हातात पडते. शिसपेन्सिल म्हणजे लाकडी, टोक काढायची. पाटीवरच्या पेन्सिलीहून कागदावरची वेगळी सांगायला हा शब्द फार सोयीचा होता.

शिसं मात्र दोन्हींत नाही. इंग्लंडमधल्या बॉरोडेलच्या खोऱ्यात सोळाव्या शतकात सापडलेलं काळं खनिज लोकांना शिशाचाच प्रकार वाटलं आणि नाव चिकटलं. ते कार्बनचं रूप आहे हे शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७७९ मध्ये दाखवलं. ग्रॅफाइट हे नाव त्यानंतरचं.

खरा फरक कांडीत आहे. लाकडी पेन्सिलीची कांडी ग्रॅफाइट आणि चिकणमाती एकत्र भाजून करतात, जाडी साधारण २ मिमी. लाकूड तिला चहूबाजूंनी धरून ठेवतं. बटणाच्या पेन्सिलीची कांडी ०.५ किंवा ०.७ मिमी आणि टोकाबाहेर तिला कसलाच आधार नाही. मातीची इतकी बारीक कांडी टिकणार नाही, म्हणून ग्रॅफाइटमध्ये प्लास्टिकच्या जातीचा पदार्थ मिसळून भाजतात. तरीही लहान मुलं जोर देऊन लिहितात आणि ती मोडते. शाळेची सूचना मला रास्त वाटते.

आत पितळेची किंवा प्लास्टिकची फाकणारी पकड असते. बटण दाबलं की ती कांडीला घेऊन जराशी पुढे सरकते, मग तिच्याभोवतीचं कडं सुटून पकड उघडते. बटण सोडलं की पकड मागे जाते, कांडी मात्र पुढेच राहते. म्हणून 'खटक्याची पेन्सिल' हा शब्द मला सर्वांत आवडतो. 'यांत्रिक पेन्सिल' चुकीचं नाही, पण बोलताना कुणी म्हणत नाही.

प्रश्न : मग क्लच पेन्सिल वेगळी का?

उत्तर : हो, आणि हा फरक जपावा. क्लच पेन्सिल आराखडे काढणाऱ्यांची. कांडी जाड, बहुधा २ मिमी. बटण दाबलं की पकड सुटते आणि कांडी सरळ घसरून खाली येते, म्हणून खाली बोट धरावं लागतं. तिला टोकही काढावं लागतं. खटक्याच्या पेन्सिलीला ते लागत नाही. रेघ शेवटपर्यंत जवळपास एकाच जाडीची येते. भूमितीच्या आकृतीला ती उत्तम. छायांकनाला मात्र लाकडीच हवी, कारण तिचं टोक आडवं धरून रुंद, मऊ छटा देता येते.

आणखी एक शब्द : जपानीत खटक्याच्या पेन्सिलीला 'शार्प पेन्सिल' म्हणतात. तोकुजी हायाकावा यांनी १९१५ मध्ये यांत्रिक पेन्सिल काढली, ती मात्र खटक्याची नव्हे, पिळून कांडी पुढे आणायची. त्यांच्या कंपनीचं 'शार्प' हे नाव तिच्यावरूनच आलं.

पुढे मोठ्या वर्गात घ्याल तेव्हा पेन्सिलीवरचा आणि कांड्यांच्या डबीवरचा आकडा जुळवून घ्या. ०.७ ची कांडी ०.५ च्या पेन्सिलीत शिरत नाही.